गणिताची सवलत घेऊ नका: दृष्टिहीन मुलीचं संगणकशास्त्र आणि टी. व्ही. रामन यांचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नववीत, काचबिंदूमुळे दोन्ही डोळ्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली. तिला पुढे संगणकशास्त्र करायचंय. शाळेचं म्हणणं, गणिताऐवजी सोपा विषय घ्यायची सवलत आहे, ती घ्या, टक्के वाढतील. नात्यातल्या कुणीतरी टी. व्ही. रामन या दृष्टिहीन संगणकशास्त्रज्ञाचं नाव सांगितलं, 'आपल्या पुण्याचेच आहेत' म्हणून. त्यांनी नेमकं काय केलं आणि त्यातलं आपल्या लेकीच्या उपयोगाचं काय, असं वडिलांनी विचारलंय.

शेवटचं आधी सांगतो: सवलत घेऊ नका. दहावीला गणित सुटलं की अकरावी विज्ञानाचं दार बंद झाल्यातच जमा, आणि पुढे ते उघडायला फार खटपट करावी लागते. मी स्वतः स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरून काम करणारा सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या हुशार दृष्टिहीन मुलांना मी सर्वांत जास्त वेळा अडलेलं पाहिलंय ते इथेच. प्रोग्रॅमिंग त्यांना जमतं, पण शाळेने मायेपोटी गणित काढून घेतलेलं असतं. रामन यांची गोष्ट तुमच्या कामाची आहे ती याच कारणासाठी, कारण तिच्या मुळाशी गणितच आहे.

रामन यांचा जन्म १९६५ चा, पुण्यातला. लहानपणी थोडं दिसत होतं, काचबिंदूने चौदाव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली. म्हणजे साधारण तुमच्या मुलीच्याच वयात. त्यांनी वाडिया कॉलेजातून गणितात पदवी घेतली आणि मग पवईला आयआयटीत गणित आणि संगणकशास्त्राची मास्टर्स केली. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा बोलणारा संगणक त्यांच्या हाताशी नव्हता आणि उच्च गणिताची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत नव्हती. पुण्यात भाऊ, एक मार्गदर्शक आणि एक मदतनीस अशा माणसांनी पुस्तकं आणि उदाहरणं वाचून दाखवली. आयआयटीत एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) विद्यार्थी आळीपाळीने वाचायला येत.

रामन यांच्यावर लिहिताना लोक 'जिद्द' या शब्दावर थांबतात आणि ही वाचून दाखवणारी माणसं गाळून टाकतात. मला ते चुकीचं वाटतं. हुशारी त्यांची, पण समीकरणं त्यांच्या कानापर्यंत पोहोचवायची सोय कुणीतरी रोज लावत होतं. तुमच्या मुलीसाठी आज तुम्हाला हीच सोय लावायची आहे. फक्त तिचं रूप बदललंय.

आयआयटीतला त्यांचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता 'कॉन्ग्रॅट्स'. गणितातला आलेख कानाने ऐकायचा, हा त्याचा विषय. वक्र वर चढला की सूर चढतो, खाली आला की उतरतो. आज डेस्मॉससारख्या आलेख काढणाऱ्या संकेतस्थळावर हीच सोय तयार मिळते, आणि नववीच्या मुलीला ती आजपासून वापरता येईल. एकदा तिला य बरोबर क्ष वर्गाचा आलेख ऐकवा. सूर खाली येऊन परत वर जातो, आणि 'परवलय' हा शब्द पाठ करायची गरज उरत नाही.

मग ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि तिथे डेव्हिड ग्राइस यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी केली. १९९४ चा तो प्रबंध म्हणजे 'ॲस्टर'. (त्यांच्या पहिल्या मार्गदर्शक कुत्र्याचं, एका काळ्या लॅब्राडोरचं, नावही ॲस्टरच.) एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रबंधाचा पुरस्कार त्याला मिळाला. 'दिव्यांगांसाठीचं काम' म्हणून वेगळ्या रांगेत बसवलेला हा पुरस्कार नाही, सगळ्या संगणकशास्त्रातला आहे.

ॲस्टर काय करत होतं ते जरा सावकाश सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. कुणाला तरी हे वाचून दाखवा: 'अ अधिक ब भागिले क अधिक ड'. ऐकणाऱ्याने काय समजायचं? फक्त ब ला क ने भागायचं, की अ अधिक ब या सगळ्याला क अधिक ड ने? कागदावर आडवी रेघ किती लांब आहे ते डोळा पाहतो आणि प्रश्न मिटतो. कानाला ती रेघ मिळत नाही. वाचणाऱ्याने 'कंस सुरू, कंस पूर्ण' म्हणत राहायचं, आणि तीन कंस एकमेकांत गेले की ऐकणाऱ्याचा धागा तुटतो.

गणिताचे शोधनिबंध लाटेक नावाच्या पद्धतीत टाइप होतात. त्यात समीकरणाचं चित्र नसतं, रचना लिहिलेली असते: इथून अपूर्णांक, हा अंश, हा छेद, हा घातांक. ॲस्टरने ती लाटेकची मूळ फाइल घेतली, तिचा फांद्याफांद्यांचा वृक्ष बांधला आणि तो आवाजात मांडला. घातांक चढ्या पट्टीत, पायाशी लिहिलेला अंक उतरत्या पट्टीत. शिवाय ऐकणाऱ्याला त्या वृक्षात फिरता येई: आधी समीकरणाचा साचा ऐका, मग फक्त छेदात शिरा, तिथून बाहेर पडा. लांबलचक पदाला तात्पुरतं एखादं नाव देऊन आधी सांगाडा आणि नंतर तपशील ऐकायचीही सोय होती. डोळसाची नजर समीकरणावरून अशीच फिरते. एका दमात डावीकडून उजवीकडे ती कधीच वाचत नाही. वाचून दाखवणारा माणूस कितीही चांगला असला, तरी हे फिरणं ऐकणाऱ्याच्या हातात येत नाही. ॲस्टरने ते आणून दिलं.

पीएचडीनंतर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या प्रयोगशाळेत असताना त्यांनी स्वतःच्या रोजच्या कामासाठी 'ईमॅक्सपीक' लिहायला घेतलं. एप्रिल १९९५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं, आणि इतकी वर्षं ते स्वतः ते वापरत आणि वाढवत आलेत. ईमॅक्स हा प्रोग्रॅमरांचा जुना, अवाढव्य संपादक, म्हणजे कोड आणि मजकूर लिहायचा प्रोग्रॅम. पत्रं, फायली, कॅलेंडर, सगळं त्याच्या पोटात. त्या काळचे स्क्रीन रीडर पडद्यावर उमटलेली अक्षरं उचलून वाचत. पेपरचे रकाने न पाहता आडव्या ओळी वाचत सुटणाऱ्या माणसासारखंच ते. महिन्याचं कॅलेंडर पुढ्यात असेल तर असा रीडर 'तीन, चार, पाच, सहा' असं वाचणार. ईमॅक्सपीक पडद्याकडे बघतच नाही. ते कॅलेंडरच्या प्रोग्रॅमलाच विचारतं की कर्सर कोणत्या तारखेवर आहे, आणि वार, महिना, वर्ष यांसकट ती तारीख सांगतं. ईमॅक्सच्या प्रत्येक आज्ञेला त्यांनी बोलण्याचा एक थर जोडला. प्रोग्रॅम लिहिताना डोळसाला मुख्य शब्द, टिप्पण्या, अवतरणातला मजकूर वेगवेगळ्या रंगांत दिसतो. इथे तो वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतो. फाइल उघडली, जतन झाली, की छोटासा ध्वनी.

हाच विचार त्यांच्या सगळ्या कामात आहे. पडद्यावर काय उमटलंय ते वाचू नका, त्यामागे अर्थ काय आहे ते प्रोग्रॅमला विचारा. आज मी रोज जे काम करतो ते याच वाक्याच्या अंमलबजावणीचं आहे, आणि बहुतेक दिवस ती झालेली नसते.

मधल्या नोकऱ्या भराभर सांगतो. अडोबीत ते पीडीएफवर काम करत होते. पीडीएफमध्ये मुळात अक्षर पानावर कुठे ठेवायचं एवढंच असे, ते शीर्षक आहे की तळटीप याचा पत्ता नसे. १९९९ ते २००५ आयबीएमच्या संशोधन विभागात. तिथे आवाज आणि पडदा दोन्हींवर चालतील अशी वेबपानं, आणि 'एक्सफॉर्म्स' हे वेबवरच्या अर्जांचं प्रमाण, म्हणजे सगळ्यांनी पाळायचा नमुना. २००५ पासून गूगल. दुसऱ्याच वर्षी तिथून असा एक सर्च बाहेर आला, जो स्क्रीन रीडरला सोपी जातील अशी पानं वर आणत असे.

गूगलमधलं त्यांचं एक काम मात्र थांबून बघण्यासारखं आहे. सपाट काचेचे फोन आले तेव्हा आम्हा दृष्टिहीनांच्या पोटात गोळा आला होता, कारण बटणंच गेली. जुन्या फोनवर पाचच्या बटणावरचा टिपका चाचपून नंबर फिरवता यायचा. रामन आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन यांनी अँड्रॉइडसाठी एक डायलर केला. काचेवर बोट जिथे टेकेल तिथे पाच. तिथून डावीकडे वर सरकलं की एक, सरळ खाली गेलं की आठ. चुकलं तर फोन हलवा, आकडा पुसला जाईल. बटण शोधायचंच नाही, कारण बटण बोटाखाली येतं. २००९ साली अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आला आणि त्याच वर्षी आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. आज तुमच्या मुलीच्या हातातला साधा अँड्रॉइड फोन सेटिंगमधून टॉकबॅक चालू केला की मराठीत बोलतो.

आता दुसरा भाग, मुलीने काय करायचं. रामन ईमॅक्सपीक वापरतात म्हणून तिने तिथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ईमॅक्स शिकणं हाच एक अभ्यासक्रम आहे. विंडोज लॅपटॉप घ्या आणि त्यावर एनव्हीडीए टाका. हा स्क्रीन रीडर फुकट आहे. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने तो २००६ मध्ये सुरू केला, नंतर जेम्स तेह हा दुसरा दृष्टिहीन तरुण त्याच्या जोडीला आला. बहुतांश पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तो लिहिलाय. तो मराठीही वाचतो. आवाज यांत्रिक आहे, पहिले काही आठवडे कानाला टोचेल. नंतर ती त्याचा वेग इतका वाढवेल की तुम्हाला शब्द कळणार नाहीत. घाबरू नका, आम्ही सगळे तसेच ऐकतो.

आधी कीबोर्डवर न बघता टायपिंग, इंग्रजी आणि मराठी युनिकोड (कुठल्याही संगणकावर सारखी चालणारी अक्षरं) दोन्ही. माउस विसरायचा. मग पायथॉन. पायथॉनमध्ये ओळ किती आत सरकवली आहे यावर अर्थ ठरतो, म्हणून काही शिक्षक सांगतात की दृष्टिहीनांसाठी ही भाषा नको. हा सल्ला ऐकू नका. एनव्हीडीएच्या 'दस्तऐवज स्वरूपण' सेटिंगमध्ये ओळीचं अंतर बोलून किंवा सुरांतून सांगायची सोय आहे. सुरांवर ठेवा: ओळ आत गेली की सूर बदलतो, बोलण्यात वेळ जात नाही. कोड लिहायला व्हीएस कोड हा संपादक. चूक असलेल्या ओळीवर आलं की तो स्वतःहून ध्वनी देतो.

गणितासाठी दोन गोष्टी. एक, नेमेथ ब्रेल. अब्राहम नेमेथ हे स्वतः दृष्टिहीन गणिती. त्यांनी १९५२ च्या सुमारास गणितासाठी ही ब्रेल लिपी बांधली. हल्ली 'संगणक बोलतो, मग ब्रेल कशाला' असं म्हणायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलांचं शुद्धलेखन कच्चं राहतं आणि कंस बोटाखाली आल्याशिवाय बीजगणित पक्कं होत नाही. दुसरी, दहावीनंतर लाटेक. स्क्रीन रीडरला ती साधी अक्षरंच असतात, त्यामुळे गणित वाचायला आणि लिहायलाही एकच पद्धत पुरते. परीक्षेला लेखनिकाला तोंडी समीकरण सांगून तो काय लिहितोय याची धास्ती घेत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं. वेबवरचं गणित मॅथएमएलमध्ये, म्हणजे वेबपानावर समीकरणाची रचना लिहायच्या पद्धतीत, असेल तर एनव्हीडीएमध्ये मॅथकॅटच्या मदतीने अंश, छेद, घातांक यांत बाणाच्या कळांनी फिरता येतं. ॲस्टरमधली कल्पना अशी फुकटात घरी येते.

चित्रांचं वर्णन करणारी एआयची ॲपं आता चांगली झाली आहेत. वर्गातल्या फळ्याचा फोटो काढून विचारता येतं. पण भूमितीच्या आकृतीतला कोन किंवा आलेखावरचा आकडा ती ठोकून देतात, तेही अगदी आत्मविश्वासाने. आकृती उठावाची करून बोटाखाली द्या, नाहीतर गणित कळणाऱ्या माणसाकडून सांगून घ्या.

नोकऱ्यांचं विचारलंय. दृष्टिहीन मुलाला आमच्या क्षेत्रात बहुतेकदा पहिली नोकरी मिळते ती ॲक्सेसिबिलिटी टेस्टरची: ॲप स्क्रीन रीडरने चालवून बघायचं आणि कुठे अडतं ते लिहायचं. काम खरं आहे आणि मागणीही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यता, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याची सोय, बंधनकारक केली. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे कलम २१ चा भाग मानला. २८ जून २०२५ पासून युरोपचा ॲक्सेसिबिलिटी कायदा लागू झाला, त्यामुळे युरोपात माल विकणाऱ्या ज्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर पुण्या-बंगळुरात बनतं त्यांनाही जाग आली आहे.

पण टेस्टरच्या खुर्चीत कायम बसवलं जाण्याचा धोका असतो. अहवाल लिहायचा, तो कुणीतरी फायलीत लावायचा, पुढच्या आवृत्तीत तीच चूक. उदाहरण देतो. एखाद्या ॲपमध्ये मी टॅब दाबत जातो आणि ऐकू येतं, 'बटण, बटण, बटण'. तिन्हींवर चित्रं आहेत, नावं नाहीत. किंवा 'पैसे भरा' ऐकूच येत नाही, कारण प्रोग्रॅमरने खरं बटण न वापरता एका साध्या चौकटीला बटणासारखं रंगवलंय. डोळ्याला ते बटण, स्क्रीन रीडरला नुसता मजकूर. ज्याला एवढंच सांगता येतं की 'इथे अडलं', तो टेस्टर. ज्याला कोड उघडून चौकटीच्या जागी बटण घालता येतं, नाव देता येतं आणि अख्ख्या संघाचा बटणांचा साचाच बदलता येतो, तो इंजिनिअर. पगारात फरक आहेच, पण मीटिंगमध्ये कुणाचं ऐकलं जातं यातला फरक मोठा. रामन यांचा शब्द चालला तो ते दृष्टिहीन आहेत म्हणून नव्हे, वेबची प्रमाणं लिहिणाऱ्यांत ते बसले होते म्हणून. जपानच्या चिएको असाकावा यांचंही तसंच. त्यांची दृष्टीही चौदाव्या वर्षी पूर्ण गेली. आयबीएममध्ये त्यांनी १९९७ मध्ये वेबपानं वाचणारा 'होम पेज रीडर' आणला, आणि २००९ मध्ये त्या कंपनीच्या तांत्रिक शिडीवरच्या सर्वांत वरच्या पायरीवर, फेलो म्हणून पोहोचल्या.

म्हणून तिला 'दृष्टिहीनांसाठी सॉफ्टवेअर' एवढंच कुंपण घालू नका. डेटाबेस, नेटवर्क, अल्गोरिदम जे आवडेल ते करू दे. सुगम्यतेचं काम तिच्याकडे चालत येईल, कारण रोज कुठे ना कुठे अडेल आणि ते स्वतः दुरुस्त करायचा राग येईल. ईमॅक्सपीकही कुठल्या समाजकार्यातून निघालं नाही, माणसाला स्वतःचं काम करायचं होतं म्हणून निघालं.

प्रवेशाचं थोडं. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आत्ताच काढून ठेवा. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव असतात. लेखनिक घेतला तर परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात. लेखनिक आदल्या दिवशी शोधू नका. ज्याला वर्गमूळ आणि घनमूळ ही चिन्हं कळतात असा मुलगा वर्षभर आधी हेरून सराव करून घ्या. मुंबईला कधी आलात तर झेवियर्स कॉलेजातलं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र जरूर बघा, साधनं हाताळून बघता येतात.

आणि पुस्तकं. हा आपल्याकडचा खास घोळ आहे. मराठीतल्या पुष्कळ पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बनलेल्या आहेत. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं, स्क्रीन रीडर मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा वाचतो. फाइल मिळाली की त्यातला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटली तर ती मुलीला देता येईल. अगम्य चिन्हं आली किंवा काहीच निवडता आलं नाही, तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेणं, करावं लागेल. गूगल ड्राइव्हचं मराठी ओसीआर गद्याला बऱ्यापैकी चालतं. इतिहास-भूगोल त्यावर निघून जाईल.

गणिताची पानं ओसीआरने हमखास बिघडतात, घातांक खाली उतरून साधे आकडे होतात. ती टाइपच करून घ्यावी लागतात. जवळच्या कॉलेजच्या एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना जाऊन भेटा. स्वयंसेवकांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, आणि झाडं लावून झाल्यावर पुढे काय द्यायचं हा प्रश्न त्यांच्याही पुढे असतो. नववीचं बीजगणित धडावार वाटून द्या, प्रत्येकाची फाइल दुसऱ्याकडून तपासून घ्या, आणि पहिला धडा मुलीने वाचून 'चालेल' म्हटल्याशिवाय दुसरा सुरू करू नका.